वाटेतच आटलेला पाऊस

जूनचा तिसरा आठवडा. मृग जवळजवळ कोरडा गेलेला, आर्द्रा लागायला दोन दिवस. माण तालुक्यात म्हसवडच्या अलीकडे एका वस्तीवर मामा ओसरीतून आभाळाकडे बघत बसले होते. वायव्येला शिखर शिंगणापूरच्या डोंगरावर काळा ढग उभा होता आणि त्याच्या पोटाखालून पावसाच्या करड्या सरी लोंबत होत्या. मावळतीचं ऊन मागून आल्यामुळे त्या सरी स्पष्ट दिसत होत्या. वर दाट, खाली विरळ, आणि डोंगरमाथ्याच्या बऱ्याच वर साफ पुसल्यासारख्या. ढग आणि डोंगर यांच्यामध्ये निव्वळ पिवळा उजेड होता.

"बघ," मामा म्हणाले, "पाऊस पडतुया, पर भुईला लागत न्हाई. चार दिवस झालं हेच चाललंय."

पुण्याहून आलेली भाची वातावरणशास्त्रात संशोधन करते. सुट्टीला आली तरी तिची नजर वरच असते. "मामा, ह्याला विर्गा म्हणतात," ती म्हणाली. "लॅटिनमध्ये विर्गा म्हणजे काठी, डहाळी. ढगाला टांगलेल्या काठ्या दिसतात ना, त्यावरून."

"नाव काय बी ठेव. आमी त्याला हुलकावणी म्हणतो."

त्या संध्याकाळी दोघांचा जो वाद रंगला, त्याचा मुद्दा वरवर साधा होता. जमिनीवर न पोचलेला पाऊस वाया गेला की नाही? मामांचं म्हणणं एका वाक्याचं. जो मातीत उतरला तो पाऊस. बाकीचा दिसला काय नि न दिसला काय, सारखाच. भाचीचं म्हणणं असं, की वाटेत आटलेलं पाणीही हवेत काम करत असतं आणि ते काम बघितल्याशिवाय माणदेशातला पाऊस समजायचा नाही. दोघांपैकी कुणीच हट्टाने बोलत नव्हतं. एकाची पेरणी अडली होती आणि दुसरीचा तो अभ्यासाचा विषय होता.

"पाणी ढगातनं निघालं," मामांनी सुरुवात केली, "तर मधल्या मधी जातंय कुठं?"

भाचीने बियाण्याच्या रिकाम्या पिशवीचा कागद फाडला, खिशातून पेन काढलं. तिने सांगितलेला हिशेब कुणालाही करता येईल इतका सोपा आहे. हवेचं तापमान घ्यायचं आणि दवबिंदू घ्यायचा, म्हणजे हवा ज्या तापमानाला थंड केली की त्यातली वाफ पाणी होऊ लागते तो आकडा. दोहोंतल्या फरकाला 125 ने गुणलं की ढगाचा तळ जमिनीपासून साधारण किती मीटरवर असेल ते कळतं. आषाढात रत्नागिरीला तापमान 28 आणि दवबिंदू 25 असला तर फरक 3, म्हणजे ढग पावणेचारशे मीटरवर, नारळीच्या बागांवर टेकल्यासारखा. वस्तीवर त्या दुपारी तापमान 36 होतं, दवबिंदू 17. फरक 19. ढगाचा तळ जवळजवळ 2,400 मीटरवर. जमिनीलगतच्या हवेत आर्द्रता अवघी 33 टक्के.

"म्हणजे रत्नागिरीच्या थेंबाला घरातनं अंगणात यायचंय," ती म्हणाली, "आणि आपल्या थेंबाला तापलेल्या कोरड्या हवेतून अडीच किलोमीटर चालत यायचंय."

चालत हा शब्द तिने उगाच वापरला नव्हता. पावसाचे थेंब आपल्याला वाटतात तितके वेगाने पडत नाहीत. एक मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला चार मीटर खाली येतो. 2,400 मीटर उतरायला त्याला दहा मिनिटं लागतात आणि तेवढ्या वेळात तो झिजत झिजत बहुतेक संपतो. त्याहून बारीक असतील त्यांची गत विचारूच नये. 0.2 मिलिमीटरचा थेंब, हवेत 80 टक्के आर्द्रता असली तरी, दोनेकशे मीटर खाली येईपर्यंत नाहीसा होतो. उलट अडीच-तीन मिलिमीटरचा टपोरा थेंब सेकंदाला सात-आठ मीटरने कोसळतो आणि थोडा बारीक होऊन का होईना, जमीन गाठतो. म्हणून आपल्याकडे उन्हाळ्याच्या शेवटी पाऊस येतो तेव्हा आधी मोजके, मोठाले थेंब धुळीत खड्डे पाडतात. बारके वरच मेलेले असतात.

मामांनी मान डोलावली. धुळीतले ते खड्डे त्यांनी साठ वर्षं पाहिले आहेत.

"पर मग आमच्याच नशिबाला हे का?"

ह्याचं उत्तर पश्चिमेला आहे. अरबी समुद्रावरून आलेला वारा सह्याद्रीला धडकतो, वर चढतो, थंड होतो आणि आपलं बहुतेक पाणी घाटमाथ्यावर टाकून मोकळा होतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस होतो. पसरणीचा घाट उतरून वाईत आलं की तोच सात-आठशेवर येतो, आणि माणच्या शिवारात पाचशेच्या आतबाहेर. घाटमाथा ओलांडून खाली उतरणारी हवा दाबली जाते आणि दाबली की तापते, दर किलोमीटरला सुमारे दहा अंशांनी. तापलेल्या हवेची तहान वाढते. पर्जन्यछाया हा शब्द शाळेच्या पुस्तकात आहे. पण तिथे तो अशा तऱ्हेने येतो की जणू डोंगराच्या मागे ढगच येत नाहीत. ढग येतात. रोज येतात. त्यांच्याखालची हवा त्यांना पाणी खाली सोडू देत नाही, ही माणदेशाची खरी अडचण आहे, आणि ती शाळेत कुणी सांगत नाही.

मामी चहा घेऊन आल्या. "आज तरी येतोय का?" एवढंच विचारून आत गेल्या.

आता भाचीने आपली बाजू मांडली. वाटेत आटलेलं पाणी नाहीसं होत नाही. ते वाफ होऊन हवेतच राहतं. आणि आटताना भोवतालची उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात दोन हजार वॅटचा गिझर वीस मिनिटं चालेल. समजा वरून एक मिलिमीटर पाऊस सुटला आणि सगळाच्या सगळा वाटेत आटला. दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी गेलं. त्याने ढगापासून जमिनीपर्यंतची सगळी हवा सरासरी एक अंशाने थंड होते, दवबिंदू अर्ध्या अंशाने चढतो. पुन्हा 125 ने गुणलं तर पुढच्या ढगाचा तळ दोनशे मीटरच्या आतबाहेर खाली येतो.

"पहिली सर रस्ता ओला करते मामा, तेव्हा दुसरी चालत येते. ती वाया कशी?"

मामांनी कागद हातात घेऊन पाहिला. मग त्यांनी असा प्रश्न विचारला, की भाची थोडा वेळ गप्पच झाली.

"ही वलसर झालेली हवा हितंच थांबती का?"

नाही थांबत. पावसाळ्यात ह्या भागावरून पश्चिमेचा वारा ताशी तीस-चाळीस किलोमीटरने वाहतो. शिंगणापूरच्या डोंगरावर आटलेल्या सरीची ओल तीन-चार तासांत सांगोला, मंगळवेढा ओलांडून विजापूरच्या वाटेला लागते. भाचीने ते मान्य केलं. रस्ता ओला होतो हे खरं, पण तो रस्ता पुढे सरकत असतो. त्या ओलीचा फायदा कुणाला तरी होतो. तो ह्याच वस्तीला होईल असं सांगता येत नाही.

"मग आमच्या हिशेबी ती गेलीच की," मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात जिंकल्याचा भाव नव्हता.

इथे मामांचं म्हणणं खरं आहे, आणि ते शास्त्राच्या विरोधात नाही. पाणी निसर्गात टिकून राहतं, हे सांगून दोन एकर बाजरीच्या मालकाचं समाधान होणार नाही. त्याचा हिशेब त्याच्या बांधाच्या आत आहे.

बोलणं पुढे वाऱ्यावर गेलं. वैशाखात एका दुपारी असाच ढग आला होता, सरी वरच लोंबत होत्या, आणि अचानक असा वारा सुटला की गोठ्याचे चार पत्रे उडून डाळिंबात जाऊन पडले. पाऊस मात्र थेंबभर नाही. मामांना ते अजून कोडंच होतं.

भाचीसाठी तो तिच्या मुद्द्याचाच पुरावा होता. थेंब आटताना हवा थंड होते आणि थंड हवा जड. ती ढगाखालून दगडासारखी कोसळते, जमिनीवर आपटते आणि चहूबाजूंना फाकते. शिकागो विद्यापीठातल्या टेत्सुया फुजिता ह्या जपानी शास्त्रज्ञाने ही गोष्ट जगाला पटवली. 24 जून 1975 रोजी न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरता उतरता ईस्टर्न एअरलाइन्सचं एक विमान पडलं आणि शंभरावर माणसं गेली. ढगातून खाली आदळणाऱ्या हवेने ते पाडलं, असं फुजितांनी मांडलं तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नाही. 1982 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या डेन्व्हरभोवती रडार आणि वारामापकं लावून मोजणी झाली. अशा 186 झोतांची नोंद झाली आणि त्यांतल्या बहुसंख्य वेळी जमिनीवर पाऊस जवळजवळ नव्हता. डेन्व्हर हा आपल्यासारखाच डोंगराच्या मागचा, उंच आणि कोरडा मुलूख. वर लोंबणारी सर, खाली धुळीचा लोट, हीच तिथली खूण होती. आज वैमानिकांना शिकवतात, की ढगाखाली असे झुलते पदर दिसले तर त्यांच्या खालून जायचं नाही.

"म्हणजे जमिनीला न लागलेल्या पावसानं आमचे पत्रे नेले."

"हो. म्हणून म्हणते, तो काहीच करत नाही असं म्हणू नका."

"मी कुठं म्हटलं काही करत न्हाई? उपेगाचं काही करत न्हाई म्हटलं."

विमानाचा विषय निघालाच होता, तेव्हा कृत्रिम पावसाचाही निघाला. महाराष्ट्राने 2003, 2015 आणि 2019 साली ढगांत रसायनं फवारून पाहिली आहेत. मामांचा आग्रह होता, की वरून पाऊस सुटतोच आहे तर सरकारने तो खाली आणावा. यावर भाचीचं उत्तर अनेकांना वाटेल त्यापेक्षा जास्त आशेचं होतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सोलापूर परिसरात ह्याच पर्जन्यछायेच्या ढगांवर नेटाने प्रयोग केला. 276 ढग घेतले. कुणात मिठासारखी ओल धरणारी पूड सोडायची आणि कुणाला तसंच ठेवायचं, ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं, म्हणजे तुलना खरी होईल. बीजारोपण झालेल्या ढगांच्या पुढच्या बाजूला शंभर चौरस किलोमीटरच्या क्षेत्रात पाऊस सरासरी 18 टक्के वाढला, काही ठिकाणी 46 टक्क्यांपर्यंत. ती पूड ढगात मोठे थेंब घडवते, आणि मोठा थेंब म्हणजे वाटेत टिकणारा थेंब. एवढ्यापुरतं ते मामांच्या अडचणीवर नेमकं औषध आहे.

पण ढग हवा, आणि तो पाण्याने भरलेला हवा. ऑक्टोबर 2025 मध्ये दिल्लीवर असा प्रयोग झाला तेव्हा ढगांत ओलावाच तुटपुंजा होता. पाऊस पडला नाही. आणि ढगाखालच्या अडीच किलोमीटर कोरड्या हवेवर कुणी काही फवारू शकत नाही. "शंभराचे एकशे अठरा होतात मामा," ती म्हणाली, "शून्याचे अठरा होत नाहीत."

एवढ्यात मामांच्या फोनवर निरोप वाजला. येत्या तीन तासांत मेघगर्जनेसह पावसाची शक्यता. पाठोपाठ पुतण्याने रडारचं चित्र पाठवलं. त्यांच्या गावाच्या नावावर हिरवा ठिपका. मामांनी तो फोन भाचीसमोर धरला आणि बोट आभाळाकडे केलं. हिरव्या ठिपक्याचा पाऊस समोर लोंबत होता. भुईवर धूळ होती.

त्या संध्याकाळच्या वादाचा गाभा ह्या एका हावभावात होता. रडार खोटं बोलत नाही. पण त्याचा किरण सरळ जातो आणि पृथ्वी खाली वळत जाते. जमिनीला अर्ध्या अंशाचा कोन करून निघालेला किरण 120 किलोमीटर लांब जाईपर्यंत पावणेदोन किलोमीटरहून वर पोचलेला असतो. म्हसवड ते सोलापूर एवढंच अंतर आहे. सोलापुरातून पाहणाऱ्या रडारला म्हसवडवर जो पाऊस दिसतो तो पावणेदोन किलोमीटर उंचीवरचा असतो. त्याखाली त्याचं काय झालं, हे त्याला दिसत नाही. कोकणात हा फरक किरकोळ ठरेल. माणमध्ये सगळी गोष्ट त्या शेवटच्या पावणेदोन किलोमीटरमध्येच घडते.

मग जमिनीवरचं कोण बघतं? राज्यात महावेध प्रकल्पाखाली दर महसूल मंडळाला एक अशी दोन हजारांवर, नेमकं सांगायचं तर 2,065 स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. काम मोठं आहे, त्याचं मोल कमी नाही. पण महाराष्ट्राच्या 3,07,713 चौरस किलोमीटरला 2,065 ने भागलं तर एका केंद्राच्या वाट्याला जवळपास 149 चौरस किलोमीटर येतात. वळिवाची सर कधी कधी दोन-तीन किलोमीटर रुंदीची असते. ती मंडळाच्या गावाला भिजवते आणि शेजारच्या वस्तीवर वरच आटून जाते. कागदावर दोन्हीकडे पाऊस.

"आमच्या नावावर पाऊस लिहिला जातो," मामा म्हणाले, "तो पडलेला नसतो."

भाचीकडे ह्याला उत्तर नव्हतं, आणि तिने ते शोधण्याचा आवही आणला नाही. 2023 चा ऑगस्ट तिलाही आठवत होता. देशभरात त्या महिन्याचा पाऊस सरासरीपेक्षा 36 टक्के कमी, 1901 पासूनच्या नोंदींत सर्वांत कोरडा ऑगस्ट. पीक विम्याच्या अग्रिमासाठी तेव्हा गावोगाव एकच मोजदाद चालली होती, पावसाचा सलग 21 दिवसांचा खंड पडला की नाही. अशा वेळी लांबच्या मापकात पडलेली एखादी सर खंड मोडते, आणि ज्याच्या रानात ती वरच आटली त्याच्याकडे दाखवायला काहीच नसतं.

इतक्यात वारा फिरला. आधी गार झुळूक आली, तिच्यासोबत कुठल्यातरी दूरच्या ओल्या मातीचा वास. मेंढरं वाघरात दाटून उभी राहिली. मग धुळीचा लोट आला, पत्रे वाजले. मामी आतून पितळी परात घेऊन आल्या आणि अंगणात मधोमध ठेवून गेल्या. ही त्या घरातली जुनी चाल. सगळे ओसरीत उभे राहून ऐकू लागले. टण्. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टण्, टण्. दहाएक मिनिटांत सगळं थांबलं आणि ढग पूर्वेकडे सरकला.

भाचीने परात उचलून उजेडात धरली. धुळीने माखलेल्या पितळेवर ओले डाग होते, एकेक दहा पैशांच्या नाण्याएवढा. तिने मोजले. अकरा. परात तापलेली होती, मोजून होईतो कडेचे दोन डाग सुकलेसुद्धा.

"ह्याला किती म्हणायचं?" मामांनी विचारलं.

"0.1 मिलिमीटरपेक्षा कमी. मोजता येत नाही, पण लिहितात. नाममात्र, अशी नोंद करतात."

"लिहितात?" मामांना हे नवीन होतं. "एवढ्यालाबी?"

"लिहायलाच पाहिजे. वरून पाऊस सुटला आणि खाली अकरा थेंब आले, हे कुणी लिहिलंच नाही तर आमच्या रडारचा ठिपका कोण दुरुस्त करणार?"

इथे मात्र दोघांचं एकमत झालं, आणि ते वेगवेगळ्या वाटांनी झालं. मामांना आपला न पडलेला पाऊस सिद्ध करायचा होता. भाचीला वर किती सुटला आणि खाली किती पोचला यातला फरक हवा होता, कारण मधल्या हवेने किती पाणी खाल्लं हे त्या फरकाशिवाय कळत नाही. दोघांनाही एकच वस्तू लागत होती, वस्तीवर ठेवलेलं पर्जन्यमापक.

ते महाग नाही. सरळ भिंतीचं, सपाट बुडाचं कुठलंही भांडं चालतं. साचलेल्या पाण्यात पट्टी उभी धरली की मिलिमीटर कळतात. त्याचं तोंड जमिनीपासून फूटभर उंच असावं आणि झाड किंवा भिंत जेवढी उंच असेल तिच्या दुप्पट लांब ते ठेवावं. हवामान खातं सकाळी साडेआठला पाऊस मोजतं. आपणही तेव्हाच मोजावा, म्हणजे आकडे शेजारी ठेवता येतात. पर्जन्यछायेतल्या प्रत्येक वस्तीने, प्रत्येक जिल्हा परिषदेच्या शाळेने हे करावं. पाऊस आला त्या दिवशी तर लिहावंच, पण जेव्हा सरी लोंबल्या आणि खाली काही आलं नाही तेव्हाही वेळ, दिशा आणि शून्य लिहावं. घरच्या वहीवर विमा मिळणार नाही हे उघड आहे. तरी दहा गावांच्या दहा वह्या एकाच दिवशी शून्य दाखवत असतील, तर त्या तहसीलदारापुढे ठेवता येतात, आणि संशोधकांनाही त्या हव्या आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाची पुण्याला निघण्याआधी गोठ्यापासून लांब, मोकळ्या वावरात एक भांडं पुरलं गेलं. मामांनी दूध डेअरीच्या जुन्या वहीचं कोरं पान उघडलं. पहिली नोंद आदल्या दिवसाची: सायंकाळ, वायव्य, सरी वरच, वारा जोराचा, थेंब अकरा, नाममात्र.